हात लावू देणारं संग्रहालय आणि आमच्या विहिरीचं पाणी

 

बोलण्याआधी एक काम उरकून घेतो. टेबलावर हे दोन काचेचे ग्लास आहेत. दोन्हींत पावसाचं पाणी आहे, पत्र्याच्या पन्हाळीखाली बादली लावून धरलेलं. उजवीकडच्या ग्लासात काल रात्री चमचाभर जिप्सम ढवळून ठेवलं होतं. न विरघळलेलं खाली बसलंय, वरचं पाणी नितळ आहे. आता ही माती. इथूनच जवळच्या, आपल्या खारपाणपट्ट्यातल्या एका वावरातली. तिचे शेंगदाण्याएवढे दोन खडे केलेत. एकेक खडा एकेका ग्लासात अलगद सोडतो. ढवळायचं नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही. पुढच्या रांगेतल्या पोरांनी लक्ष ठेवा. आपण तासाभरानं पाहू.

आता विषय. पत्रिकेत ‘शहरातलं विज्ञान संग्रहालय : जडणघडण आणि वाढ’ असं छापलंय. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नाही. शाळेत विज्ञान शिकवणारी, वर्षानुवर्षं पोरांची सहल घेऊन नागपूर-मुंबईला जाणारी आम्ही चार माणसं. पण एखादं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं की त्याच्या जमेच्या बाजू आणि पोकळ जागा दोन्ही दिसायला लागतात, तसं आमचं संग्रहालयांच्या बाबतीत झालंय. तेव्हा आजचं बोलणं हे परीक्षण समजा. पुस्तकाचं असतं तसं, फक्त इमारतीचं.

नागपूरपासून सुरुवात करू, कारण आपल्या भागातल्या पोराला विज्ञान केंद्र म्हटलं की नागपूरच आठवतं. त्या शहरात संग्रहालयाचे दोन जमाने आजही दोन ठिकाणी उभे आहेत. पहिला १८६३ सालचा. मध्यवर्ती संग्रहालय हे त्याचं सरकारी नाव. ते फार कमी लोकांच्या तोंडी आहे. लोक म्हणतात अजब बंगला. आम्हाला हे नाव फार अचूक वाटतं. ‘संग्रहालय’ हा शब्द ठेवणाऱ्याच्या बाजूचा आहे, ‘अजब बंगला’ हा पाहणाऱ्याच्या बाजूचा. पेंढा भरलेले प्राणी, दगड, शिलालेख, नाणी, शस्त्रं. पाहायचं, तोंडात बोट घालायचं, पुढं सरकायचं.

तो ज्या काळात उभा राहिला तो काळही पाहण्यासारखा आहे. रिचर्ड टेम्पल मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते, ज्यांच्या नावानं तिथलं कॉलेज आहे. हा माणूस धर्मप्रसाराला आला आणि दगडांच्या नादी लागला. जीवाश्म गोळा केले, भूगर्भ अभ्यासला. त्याच १८६३ साली, टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना, नाल्याच्या पुरात बुडून ते गेले. पुढं त्यांचे निबंध टेम्पल यांनी संपादून छापले. म्हणजे नागपूरच्या संग्रहालयाच्या जन्मकाळाशी चिखलात पाय घालून दगड वेचणारा माणूस जोडलेला आहे. पण ते सगळं काचेच्या कपाटात गेलं की वेचण्याची गोष्ट मागं राहते आणि चिठ्ठी लावलेला दगड उरतो. जाता जाता सांगतो, त्या वेळी आपला वऱ्हाड मध्य प्रांतात नव्हताच. १८५३ पासून निजामाचा हा मुलुख इंग्रजांच्या ताब्यात होता, पण कारभार वेगळा होता. मध्य प्रांताला आपल्याला जोडलं १९०३ साली. नागपूरच्या कपाटात आपण उशिरा पोचलो म्हणायचं.

दुसरा जमाना गांधीसागर तलावाजवळ आहे. रामन विज्ञान केंद्र, ७ मार्च १९९२ ला सुरू झालं. आणि इथं पाटी उलटी झाली. ‘हात लावू नका’ गेलं, ‘हात लावा’ आलं. दांडा फिरवा, बटण दाबा, दोरी ओढून स्वतःला वर उचला. ज्यांनी अजब बंगला आणि हे केंद्र एकाच दिवशी पाहिलंय त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पोरांच्या आवाजावरूनच कळतो. पहिल्या ठिकाणी आम्हाला ‘शूऽऽ’ म्हणावं लागत नाही, दुसऱ्या ठिकाणी म्हणून उपयोग नसतो.

ही उलटी पाटी नागपुरात एका दिवसात आली नाही. तिची वाट लांबून येते. म्युनिकचं डॉयचेस म्युझियम ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ साली स्थापलं. तिथली यंत्रं चालती ठेवली, पाहणाऱ्याला ती चालवू दिली. ते पाहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय प्रभावित झाले, घनश्यामदास बिर्लांनी कोलकात्यातली आपली वास्तू दिली आणि १९५९ साली बिर्ला औद्योगिक आणि तंत्रशास्त्रीय संग्रहालय सुरू झालं. मग बंगळुरूचं विश्वेश्वरय्या. नंतर मुंबई. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आधी उद्योग आणि तंत्रज्ञानाचं संग्रहालय म्हणून मनात आलं होतं, पण ते उभं राहीपर्यंत जगाचा कल बदलला. १९७७ ला प्रकाश आणि दृष्टी या विषयाचं एक दालन, १९७९ ला, म्हणजे बालकांच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, उघड्यावरची विज्ञान बाग आणि ११ नोव्हेंबर १९८५ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते पूर्ण केंद्र. इमारत अच्युत कानविंदेंची, आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे. आधी बाग आणि मग इमारत, हा क्रम आम्हाला फार आवडतो. पैसे कमी असताना माणसं जास्त शहाणी वागतात की काय कोण जाणे.

कल बदलला म्हणालो तो कुणामुळे, यावर थोडं थांबावंसं वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ साली एक्सप्लोरेटोरियम नावाचं संग्रहालय निघालं. ते काढणारे फ्रँक ओपनहायमर, अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ. स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेत डाव्या विचारांच्या लोकांमागे ससेमिरा लागला तेव्हा १९४९ मध्ये त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. मग हा माणूस कोलोरॅडोत जाऊन गुरं पाळत होता. वर्षानुवर्षं. नंतर तिथल्याच एका लहान गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागला. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ‘हात लावा’ ही कल्पना आज शहरातली, एसीतली वाटते. तिला आकार देणाऱ्या माणसाची मधली दहा वर्षं गोठ्यात आणि गावच्या शाळेत गेली आहेत.

आता आमच्या परीक्षणाचा पहिला मुद्दा. रामन केंद्राची पुढची मोठी वाढ ५ जानेवारी १९९७ ची, तारांगण. आम्ही त्याचे चाहते आहोत. दिवे मंदावतात, घुमटावर आकाश उगवतं आणि शेजारी बसलेल्या पोराचा हात आपसूक आपल्या मनगटावर येतो, हे आम्ही दर सहलीला अनुभवलंय. पण संग्रहालय म्हणून विचार केला तर तारांगण हे अजब बंगल्याचंच वंशज आहे. बसा, वर पाहा, सांगणाऱ्याचं ऐका. हात मांडीवर. १८६३ ला ‘पाहा’, १९९२ ला ‘हात लावा’ आणि १९९७ ला पुन्हा ‘पाहा’. त्यानंतर देशभर या केंद्रांची वाढ ज्या दिशेनं झाली, म्हणजे त्रिमिती खेळ, मोठाले पडदे, घुमट, ती बहुतेक या तिसऱ्या जातीची. तिकीट लावता येतं, एका खेळाला किती माणसं बसली ते मोजता येतं. दोरी ओढणारं पोर किती वेळ ओढत बसलं आणि त्याच्या डोक्यात काय झालं ते मोजता येत नाही. जे मोजता येतं ते वाढतं.

कुणी म्हणेल, शहरात आकाश दिसत नाही, तारांगण हवंच. मान्य. पण मग ते शहरातल्या पोरासाठी. भातकुलीच्या पोरानं गच्चीवर सतरंजी टाकली की मृग नक्षत्र फुकट आहे. निदान होतं, आता चौकाचौकात हॅलोजन लागल्यापासून आपल्याकडेही तारांगण लागेल असं दिसतं.

दुसरा मुद्दा अंतराचा आहे, आणि तो आम्हाला जास्त बोचतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नियोजन आयोगाच्या कार्यगटानं विज्ञान संग्रहालयांची तीन पातळ्यांची रचना सुचवली होती. राष्ट्रीय, प्रादेशिक आणि जिल्हा. १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्वतंत्र झाली आणि तिनं ही कल्पना अंगावर घेतली. पहिलं जिल्हा विज्ञान केंद्र १९८२ साली पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाला. पुरुलिया म्हणजे श्रीमंत जिल्हा नव्हे. दुष्काळी, आदिवासी बहुल. १९८४ ला गुजरातेतल्या धरमपूरला. तेही आदिवासी भागातलं छोटं गाव, आपल्या नाशिकच्या सीमेपासून फार लांब नाही. १९८७ ला तमिळनाडूत तिरुनेलवेलीला. म्हणजे ज्यांनी ही आखणी केली त्यांना गाव कळत होतं. आधी राजधान्या आणि उरलं तर जिल्हे, असा त्यांचा हिशेब नव्हता. आणि महाराष्ट्रात? मुंबई, नागपूर. पुढं सोलापूर आणि पिंपरी-चिंचवड. सगळी महापालिकांची शहरं. धरमपुरासारखं केंद्र आपल्या राज्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाला का मिळालं नाही, हा प्रश्न आम्ही नुसता मांडून ठेवतो. त्यात परिषदेचा दोष किती आणि मागायलाच न गेलेल्या आपला किती, हे वाटून घ्यावं लागेल. रस्ता मागायला मोर्चा निघतो, पाण्यासाठी निघतो. विज्ञान केंद्र द्या म्हणून अमरावतीच्या कलेक्टर ऑफिसवर गेलेला मोर्चा आम्ही तरी पाहिला नाही.

तर मग पोरांना न्यावं लागतं. पहाटे साडेचारला शाळेच्या मैदानात. एसटीच्या दोन गाड्या, डब्यात तिखट पुऱ्या, चिवड्याच्या पुड्या. मोझरीला पहिलं थांबणं, गुरुकुंजात हात जोडणं, तळेगाव, कारंजा, कोंढाळीचा घाट, तिथं हमखास दोघातिघांना ओकारी. अमरावतीपासून नागपूर दीडशे किलोमीटर, इथून त्याहून जास्त. केंद्रात पोचेस्तोवर दुपार, हाताशी अडीच-तीन तास. शंभर पोरं, एकेका उपकरणाला रांग. ज्याचा नंबर लागतो तो दांडा दोनदा फिरवतो आणि मागचा म्हणतो, ‘सर ना बे लवकर.’ ओपनहायमर यांच्या कल्पनेतला माणूस एका उपकरणापाशी अर्धा तास रेंगाळणारा होता. आमचा विद्यार्थी अर्ध्या मिनिटाचा आहे. आणि हे दहावीपर्यंत एकदा, फार तर दोनदा. वर्गणी परवडत नाही म्हणून न आलेल्या पोरांचा हिशेब यात नाही.

यावर एक जुना उतारा आहे. कोलकात्याच्या संग्रहालयानं १९६५ सालीच फिरतं प्रदर्शन सुरू केलं, बसमध्ये उपकरणं घालून शाळाशाळांत. म्युझिओबस. आमच्या मते भारतानं या क्षेत्रात काढलेली सगळ्यात चांगली कल्पना ती हीच. घुमटापेक्षा चाकं बरी. अशा बस आजही फिरतात, पण कुठल्याही केंद्राच्या वाढीची गोष्ट सांगताना बसचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात येतो, हे पाहिलंत का? इमारतीला उद्घाटन असतं, कोनशिला असते. बसला कोनशिला लावता येत नाही.

एका सहलीतली गोष्ट सांगतो. शहर आणि केंद्र कोणतं ते जाऊ द्या. परतीच्या वाटेवर सातवीतली एक पोरगी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर आमच्याशेजारी येऊन बसली. दिवसभर वहीत लिहीत होती. म्हणाली, ‘सर, तिथं समदं होतं. फक्त आपल्या हिरीचं पानी खारं काऊन हाये, थे नोतं.’

आम्ही उत्तर देऊ लागलो आणि दोन वाक्यांत अडखळलो. चौघंही विज्ञानाचे शिक्षक. लंबकाचा आवर्तनकाळ पाठ होता, आपल्या पायाखालच्या मातीचं सांगता येईना.

तेव्हापासून आम्ही वाचू लागलो, शेतकऱ्यांना विचारू लागलो, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांशी बोलू लागलो. भातकुली, दर्यापूर, अंजनगाव, पुढं अकोला आणि बुलडाणा, हा पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा. इथं काळ्याभोर गाळाचा थर फार खोल आहे, उतार जवळजवळ नाही, पाण्याचा निचरा मंद. भूजलात क्षार, त्यातही सोडियम जास्त. म्हणून विहीर असून ओलीत नाही. त्या पाण्यानं पीक तर करपतंच, जमीनही बिघडते. चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात. कॅल्शियम असलं की ते एकमेकांना धरून राहतात. सोडियम वाढलं की गोड्या पाण्यात सुटे सुटे होतात, मातीची छिद्रं बुजवतात. पाऊस पडला की पाणी वरच साचतं, वाफसा येत नाही. उन्हाळ्यात त्याच जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा. खरिपात हाल आणि रब्बीत ओलाव्यावरचा हरभरा, हा आपल्या बापजाद्यांचा अनुभव. त्याच्या मागं एवढं रसायनशास्त्र आहे.

आता सांगा, यातलं काय संग्रहालयात मांडण्यासारखं नाही? खोल गाळाचा उभा छेद, भेगाळलेली जमीन, सोडियमनं फुटणारी माती, खाऱ्या पाण्यातून पेटणारा छोटा दिवा. विज्ञान केंद्रांची बरीचशी उपकरणं जगात कुठंही ठेवली तरी चालणारी असतात. लंबक, आरसे, कप्प्या, दुरून कुजबूज ऐकवणाऱ्या तबकड्या. तो त्यांचा गुण आहे, निसर्गाचे नियम सगळीकडे सारखे हे त्यातून कळतं. पण फक्त तेवढंच भेटलं तर पोराच्या मनात पक्कं बसतं की विज्ञान ही नागपूरला जाऊन पाहायची गोष्ट आहे. आमचा मूळ आक्षेप हा आहे. ‘पाहा’ झालं, ‘हात लावा’ झालं. ‘तुमच्याकडचं घेऊन या’ ही पाटी लागायची राहिली. बाटलीत विहिरीचं पाणी आणा, रुमालात माती आणा, इथं तपासू, असं म्हणणारं एक टेबल. त्याच्यामागं बसायला एक माणूस. घुमटापेक्षा स्वस्त पडेल.

आणि वऱ्हाडाला ही गोष्ट नवी आहे असं कुणी समजू नये. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर तिथं आले होते. ते भरवण्यामागं कोण, तर आपले पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख, तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री, आणि त्यांचा भारत कृषक समाज. देशोदेशीची शेती, यंत्रं, बियाणं शेतकऱ्यापुढं मांडली. त्यांच्याच नावानं चालणारं अकोल्याचं विद्यापीठ शिवार फेरी काढतं. पिकं जमिनीत उभी, शेतकरी बांधाबांधानं चालतो, पान उलटून पाहतो, शास्त्रज्ञाला अडवून विचारतो. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा तूर दाखवणाऱ्या शास्त्रज्ञाला म्हणाले, ‘हे तुमच्या वावरात ठीक हाये साहेब, माह्या वावरात करून दाखवा.’ आमच्या मते विज्ञान संग्रहालयाची यापेक्षा चांगली समीक्षा कुणी केलेली नाही, आमची धरून.

रामन यांच्या नावाबद्दलही एक सांगायचं होतं. हे केंद्र त्यांच्या नावाचं आहे आणि ते स्वतः तरुणपणी काही काळ नागपूरला नोकरीला होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. हुद्दा शास्त्रज्ञाचा नव्हता. सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी. दिवसा खातेवह्या आणि उरलेल्या वेळात प्रयोग, अशी त्यांची कित्येक वर्षं गेली. पुढं २८ फेब्रुवारी १९२८ चा तो शोध, १९३० चं नोबेल. शोधाची साधनंही साधीसुधीच होती. गंमत म्हणजे उतारवयात बंगळुरूच्या आपल्या संस्थेत त्यांनी खनिजं, रत्नं यांचा मोठा संग्रह केला. कपाटात मांडलेला, नुसता पाहण्याचा! तेव्हा ‘पाहा’ला आम्ही आज जरा जास्तच झोडपलं असेल तर रामन साहेबांच्या नावानं तेवढं मागं घेतो. मन लावून पाहणं हीसुद्धा कृती आहे, जर शेजारी प्रश्न विचारायला मुभा असेल तर.

मूर्तिजापूरची शकुंतला अजून राहिली. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावलेली गाडी आपल्या अंगणात होती आणि छोट्या रेल्वेचं संग्रहालय मात्र नागपूरला मोतीबागेत झालं. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि तिकडं वळलो तर ग्लास राहून जातील.

पोरांनो, झाला ना तास? या पुढं, एकेक जण. धक्का नको. कुणी तरी मागचा लाईट लावा. हा डावीकडचा ग्लास, नुसत्या पावसाच्या पाण्याचा. खड्याभोवती दुधाळ धूर पसरल्यासारखं दिसतंय? ती आपली माती सुटी होतेय. आणि उजवीकडच्यात जिप्समचं कॅल्शियम आहे. खडा थोडा ढासळलाय, पण पाणी नितळ आहे, खालचं जिप्सम पांढरं दिसतंय. बरोबर ना? हं, तू काय म्हणतेस? मोठ्यानं बोल, मागं ऐकू जात नाही. ‘आमच्या वावरातली माती आनू का?’ आण. उद्या शाळेत आण. कोणत्या वावरातली, विहिरीपासून किती पावलांवरची, ते कागदावर लिहून पुडीत टाक.